नऊ पक्ष्यांचे डोळे

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या इंदिरानगरच्या कोपऱ्यावर द्राक्षांचे क्रेट येऊन बसतात. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असे हे दिवस. कॉलेजची पोरं खाकी कव्हराची जर्नलं छातीशी धरून प्रॅक्टिकलच्या परीक्षेला निघालेली असतात, चेहरे दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखे. या दिवसांत प्रत्येकाला काही ना काही होतं. कुणाच्या पोटात अजूनही परीक्षेचा गोळा येतो, कुणाला द्राक्षांनी खोकला होतो. मला बरीच वर्षं काहीच होत नसे. द्राक्षं दिसली की आतून सगळं गप्प व्हायचं, एवढंच. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपलाच ओठ आपल्याला बोटाने चाचपून बघावा लागतो, तसं.

मी लिहितेय त्या टेबलासमोर भिंतीवर एक तक्ता आहे. पूर्ण ड्रॉइंग शीटवर नऊ पक्षी. कुणी फुलात चोच घालून हवेत तरंगतोय, कुणी फांदीवर बसलाय. सगळे अंगठ्याएवढे, सगळे बाजूने काढलेले, म्हणजे प्रत्येकाला एकच डोळा. नऊ पक्षी, नऊ डोळे. घरी आलेला माणूस हटकून म्हणतो, ‘अरे, हा तर आमच्या जास्वंदीवर येतो.’ जास्वंदीवर येतो तो शिंजीर. हा हमिंगबर्ड, आणि तो आपल्या देशात नाहीच. माझे वडील, अण्णा, हे आयुष्यभर लोकांना समजावत आले आणि लोक आयुष्यभर ‘हो का’ म्हणत शिंजिराला हमिंगबर्ड म्हणत आले.

अण्णा एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. बेडकांची व्यवस्था, फॉर्मालिनच्या बरण्या, मायक्रोस्कोपच्या काचा, ही कामं पगाराची. तक्ते काढणं हे बिनपगारी काम त्यांनी स्वतःहून गळ्यात बांधून घेतलेलं. विकतचे तक्ते त्यांना सोसायचे नाहीत. ‘यातलं यकृत बघ, वांग्यासारखं काढलंय,’ म्हणायचे. मग बेडूक, कबूतर, सरडा, उंदीर, रोहू मासा असे सगळे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक करून तयार झाले आणि गुंडाळी होऊन सायकलवरून कॉलेजात गेले. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक सही. सही अण्णांची.

डोळे मात्र आईचे.

हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. आई सिन्नरच्या मूर्तिकारांच्या घरातली. गणपतीच्या कारखान्यात बायका माती मळायच्या, रंग भरायच्या, पण डोळ्यांची आखणी घरातल्या कर्त्या पुरुषाची. तिच्या वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा गिऱ्हाइकाला कळू न देता ही चौदा वर्षांची पोर आतल्या खोलीत बसून डोळे आखू लागली. लग्न होऊन नाशकात आली आणि तिला गणपतीऐवजी बेडूक मिळाले. तिने तक्रार केली नाही. नियमही बदलले नाहीत. डोळे सगळ्यात शेवटी. आधी हातपाय धुवायचे, रेडिओ बंद करायचा आणि डोळे होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झालेली चालेल, माणसाचा आवाज नको. समोर उभं राहायचं नाही, मागूनही डोकवायचं नाही. लहानपणी मला हे फार विनोदी वाटायचं. आत झुरळाचा डोळा चाललाय आणि आम्ही बापलेक पायरीवर श्वास रोखून बसलोय. डोळा झाला की ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, ‘बोला आता.’ मग तक्ता माळ्यावर वाळायचा, मी उठायच्या आत अण्णा त्याची गुंडाळी करायचे आणि तो कॉलेजात जायचा. मी पुढे आर्ट्सला गेले, तेही दुसऱ्या कॉलेजात. त्यामुळे आमच्या घरातले सगळे प्राणी मी पाठमोरेच पाहिले म्हणायला हरकत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी एस. वाय. ला होते. अण्णांच्या विभागातल्या कपाटात, बरण्यांच्या मागे, एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. कुणी कधी देणगी दिलं होतं कोण जाणे. ओलीने पानं फुगलेली, पण प्रत्येक चित्रावर पातळ कागद होता आणि त्याने चित्रं वाचवली होती. आत नुसते हमिंगबर्ड. दीडेकशे वर्षांपूर्वीच्या कुणा परदेशी चित्रकाराने काढलेले, हाताने रंगवलेले. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, ‘विद्यापीठाची कमिटी मार्चमध्ये येतेय. यातला एक मोठा तक्ता करा ना. दर्शनी भिंतीवर लावू.’ अण्णांना रिटायर व्हायला वर्षच राहिलं होतं. त्यांनी पुस्तक टॉवेलात गुंडाळून, लहान बाळ आणावं तसं घरी आणलं.

दिवाळीनंतरचे ते दिवस आमच्या घरातले फार चांगले दिवस होते. तेव्हा कळलं नाही, हे सांगायला नकोच. टेबलावर भिंग, ट्रेसिंग पेपर, केसासारखा बारीक ट्रिपल झीरोचा ब्रश. त्या पक्ष्यांच्या गळ्याला एक हिरवी-तांबडी झळाळी असते, ती साध्या रंगाने येईना. अण्णा म्हणाले, ‘हा रंग मुळात पिसात नसतोच. उजेड कुठून पडतो त्यावर तो दिसतो. पक्षी जरा वळला की गळा काळा.’ त्या जुन्या चित्रकाराने गळ्याखाली सोन्याचा वर्ख लावला होता. आमच्याकडे सोनं कुठलं. आई उठली, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून चांदीच्या वर्खाचे चार कागद घेऊन आली, डिंकाच्या पाण्याने नखाएवढा तुकडा चिकटवला आणि त्यावर अण्णांनी फोटो रंगवायचा पारदर्शक हिरवा रंग दिला. कागद हलवला आणि गळा पेटला. आम्ही तिघंही तो कागद एकमेकांच्या हातून घेऊन खिडकीशी हलवत बसलो.

आईने पुस्तक खूप वेळ बघितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रकाराचा हात वाचता यायचा.

‘या माणसाने जिवंत पाखरू पाहिलेलं नाही,’ ती म्हणाली.

‘बरोबर,’ अण्णा म्हणाले. ‘प्रस्तावनेत आहे. त्याच्याकडे पेट्यांतून कातडी यायची. पोटात कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेली. त्यावरून काढायचा.’

‘आणि डोळे?’

‘डोळ्यांतही कापूसच.’

‘मग हे डोळे कुठून आणले त्याने?’

‘मनाने काढले असणार.’

आई हसली. ‘म्हणजे आमच्यासारखंच की. गणपती तरी कुठे कुणी पाहिलाय.’

अण्णांचे सहकारी सोनवणे मामा त्याच आठवड्यात घरी आले होते. ते चांदवडकडचे, विभागात शिपाई. दर हिवाळ्यात आमच्याकडे कांद्याची गोणी टाकायचे. त्यांनी पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, ‘सर, हे पाखरू तर आमच्या डाळिंबाच्या फुलावर येतं. लय चपळ हाय.’ अण्णांनी शांतपणे, पहिल्यापासून, शिंजीर आणि हमिंगबर्ड यांतला फरक सांगितला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. ‘असंल,’ म्हणाले, ‘पण हाय ते आमच्याकडं.’ आई चहा देता देता पदरात तोंड लपवून हसत होती. तिचं मला शेवटचं स्पष्ट आठवतं ते हे हसणं.

संक्रांतीच्या आधी तिला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि तेव्हा मला जास्त काही वाटलंही नाही. माणसं आली, रडली, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. आत्याने मला कोपऱ्यात घेऊन ‘रड गं शुभा, मोकळी हो,’ असं दोनदा सांगितलं. मी प्रयत्न केला. आलं नाही. सगळ्यांसाठी चहा टाकला, साखर बरोबर पडली. तेराव्याचा स्वयंपाक वाढताना कुणाला कढी कमी पडली हे माझ्या लक्षात होतं. आई नाही हे लक्षात राहत नव्हतं.

माणसं पांगल्यावर अण्णा पुन्हा टेबलाशी बसले. पिसं राहिली होती, फांद्या राहिल्या होत्या, ते सगळं त्यांनी पूर्ण केलं. बोलणं असं नाहीच. ‘भात टाकू?’ ‘टाक.’ एवढ्यावर आमचा फेब्रुवारी गेला. एका रविवारी सोनवणे मामांनी त्यांच्या कुणा पाहुण्याच्या द्राक्षबागेत आम्हाला बळेच नेलं. पाखरं येऊ नयेत म्हणून बागेवर चमकत्या पट्ट्या आणि जुन्या कॅसेटच्या फिती ताणून बांधल्या होत्या. वारा आला की पट्टी क्षणभर तांबडी व्हायची आणि विझायची. फिती एकसारख्या गुणगुणत होत्या. कॅसेटवर कधी काळी कुणाची तरी गाणी असतील, आता नुसता घूं घूं आवाज. अण्णा बराच वेळ त्याखाली उभे राहिले. ‘चला,’ म्हणाले. येताना मांडीवर द्राक्षांची पिशवी होती. मी ती घरापर्यंत एकेक करून खाल्ली, गोड की आंबट ते सांगता येणार नाही.

मार्च उजाडला. तक्ता टेबलावर तयार होता, नऊ पक्षी, गळ्यांत नऊ झळाळ्या, आणि डोळ्यांच्या जागी कागद कोरा. येता-जाता ते दिसायचं. मी त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवलं, अण्णांनी ते काढलं. मी पुन्हा टाकलं. शनिवारी संध्याकाळी ते म्हणाले, ‘कमिटी सोमवारी आहे.’ आणि ब्रश पुसून डब्यात ठेवला. मला कळलं की त्यांच्या हातून हे होणार नाही. बेडकाची नस न नस काढणाऱ्या माणसाने चोवीस वर्षांत एक डोळा काढलेला नव्हता. आणि हेही कळत होतं की डोळ्यांशिवाय हा तक्ता गेला तर आईचं घरातलं शेवटचं काम अर्धं राहील, आणि ते अर्धं राहिल्याचं फक्त आम्हा दोघांना माहीत असेल.

मला डोळे आखता येत होते असं मी म्हणणार नाही. सुट्टीत सिन्नरला गेलं की आई कारखान्यातल्या फुटक्या मूर्ती मला सरावाला द्यायची. हात कुठे टेकवायचा, श्वास कुठे धरायचा, एवढं ठाऊक होतं. रविवारी दुपारी मी हातपाय धुतले. रेडिओ बंद केला. अण्णा पायरीवर वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी रेडिओ बंद झालेला ऐकला, मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. वाटाणे सोलायचा आवाजही थांबला.

पहिला डोळा काढला आणि भिंग लावलं. तो पक्ष्याचा नव्हता. पक्ष्याचा डोळा म्हणजे गोल काळा मणी, मोहरीएवढा, त्यात पांढरा एक ठिपका. माझ्या हातून जरा लांबट झाला होता, वर पापणीची बारीक रेघ, आणि कोपऱ्यात लाली. गणपतीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबी रंगाचं एक बोट लावतात, तशी. हाताला तेवढंच येत होतं, हाताने तेवढंच केलं. पोस्टर कलर खोडता येत नाही, खरवडलं तर कागद फाटतो. मग विचार केला की एकाचाच तसा राहिला तर चूक दिसेल, नऊच्या नऊ तसेच केले तर निदान पद्धत वाटेल. आणि उरलेले आठ तसेच आखले. ही अक्कल माझी, त्यात आईचा काही दोष नाही.

बाहेर गेले. ‘बोला आता,’ असं म्हणायला हवं होतं, पण ते वाक्य माझं नव्हतं. मी म्हटलं, ‘झालं.’

अण्णा आत आले. भिंग घेऊन नऊही डोळे पाहिले, एकेक. खूप वेळ लागला. मी एका शब्दाची वाट बघत होते. रागावले असते तरी चाललं असतं. ते काही बोलले नाहीत. तक्ता वाळू दिला, गुंडाळला, सकाळी घेऊन गेले. खाली उजव्या कोपऱ्यात सही केलेली मला दिसली नाही. तेव्हाच मी काय ते समजले. ज्या तक्त्याला आपलं नाव लावायची लाज वाटावी असा तक्ता मी केला होता.

त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. सिन्नरला गेले तरी कारखान्यात शिरले नाही. अण्णांच्या निरोपसमारंभाला कॉलेजात गेले, पण विभागात गेले नाही, दर्शनी भिंत टाळून मागच्या जिन्याने हॉलमध्ये गेले. नोकरी लागली. आधी अण्णांजवळ राहायचं म्हणून लग्न लांबवलं, आणि पुढे ते लांबलेलंच बरं वाटलं. आई आठवली की तिच्या आधी ते नऊ डोळे आठवायचे आणि मग तिच्यापर्यंत पोचायचंच राहून जायचं. दर वर्षी द्राक्षं यायची. मी विकत आणायचे, धुवायचे, ताटलीत ठेवायचे.

दहाएक वर्षं गेली असतील. असाच फेब्रुवारी. सोनवणे मामांचा फोन आला. ते त्या महिन्यात रिटायर होत होते. ‘ताई, आता समदं पडद्यावर दाखवत्यात. जुने तक्ते रद्दीत काढलेत. सरांचं हाय ते घेऊन जा, नाय तर उद्या टेम्पो येतोय.’

मी गेले. विभागाबाहेरच्या व्हरांड्यात तक्त्यांचा ढीग होता. मामा एकेक उलगडून धूळ झटकत होते. सगळ्यात वर बेडूक होता. हातपाय पसरलेला, पोट उघडं, यकृत अगदी यकृतासारखं. मामा म्हणाले, ‘ह्या बेडकाला पोरं काय म्हणायची ठाऊक हाय का? बाप्पा. प्रॅक्टिकलच्या दिशी आत जायच्या आधी पाया पडायची त्याच्या. लय पोरं पास झाली.’

मी वाकून पाहिलं. बेडकाचा डोळा जरा लांबट होता. वर पापणीची बारीक रेघ. आणि कोपऱ्यात लाली.

कबुतराच्या डोळ्यात होती. सरड्याच्या होती. रोहू माशाला पापणी नसते हे मलासुद्धा माहीत आहे, तर त्याला पापणी होती आणि गुलाबी कोपराही होता. उंदीर तर अगदी मूषकच. मी व्हरांड्यात फरशीवर बसून एकेक तक्ता उलगडत गेले. सगळ्यात खाली हमिंगबर्ड होते. गळ्यांतला वर्ख कडेने काळवंडला होता, डोळे तसेच होते. बेडकाच्या शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच हाताचे म्हणून खपले असते.

सगळी गुंडाळी रिक्षात घालून घरी आणली. दुपारचे चार वाजले असतील. अण्णा रेडिओ लावून खुर्चीत बसून द्राक्षं खात होते, एकेक, देठ बाजूला काढून. मी बेडूक त्यांच्यासमोर टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

‘अण्णा, बेडकाच्या डोळ्यात लाली असते का?’

त्यांनी बेडकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘नसते.’

‘तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’

‘मला?’ ते म्हणाले. ‘चोवीस वर्षं पोरांना बेडूक कोण काढून देत होतं?’

‘मग आईला कधी सांगितलं का नाहीत?’

‘ती डोळे काढायची तेव्हा बोलायचं नसे.’

‘पण नंतर? ती म्हणायची की, बोला आता.’

‘तेव्हा दुसरं काहीतरी बोलायचो.’

मी हमिंगबर्डचा तक्ता बेडकावर पसरला. माझा आवाज चढला होता, तो मला ऐकू येत होता. ‘आणि मला? माझ्याशी का बोलला नाहीत? सहीसुद्धा केली नाहीत. मला दहा वर्षं वाटतंय की मी तिचं शेवटचं काम नासवलं.’

अण्णांनी हातातलं द्राक्ष ताटलीत परत ठेवलं. भिंगाची सवय अजून होती, खिशातून चष्मा काढून तो डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी पहिल्या पक्ष्याचा डोळा पाहिला. मग दुसऱ्याचा.

‘सही कुणाची करणार,’ ते म्हणाले. ‘आजवर मी तिच्या कामावर माझं नाव घातलं होतं. तुझ्या कामावरही घालू?’ मग अगदी हळू म्हणाले, ‘आणि त्या दिवशी हे नऊ बघितले ना शुभा, तेव्हा वाटलं, ती अजून काढतेच आहे. मग बोलणार कसं?’

मला रडू आलं. आत्याने सांगितलं होतं तसं, मोकळं, आवाज काढून, तक्त्यावर पाणी पडू नये म्हणून तोंड फिरवून. आई गेली होती. हे मला त्या दिवशी, दुपारी चार वाजता, द्राक्षांच्या ताटलीसमोर कळलं. अण्णांनी ताटली बाजूला सरकवली, उठले, रेडिओ बंद केला आणि माझं होईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.